दोन सीटची सायकल

मित्रांनो, मी एक सायकल आहे, जुनी, आणि जरा लांब. तुमच्या दाराशी उभ्या असतात त्यांच्यासारखी मी नाही. मला दोन सीट आहेत, एकीच्या मागे एक. हँडलही दोन आहेत, पण वळते ते फक्त पुढचे. मागचे नुसते धरायला. पायडलच्या दोन्ही जोड्या एकाच चेनने बांधलेल्या आहेत. त्यामुळे पुढच्याने पाय मारले की मागच्याचे पाय आपोआप फिरतात, आणि मागच्याने अंगचोरपणा केला की पुढच्याला लगेच कळते.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. त्या वेल्डरची बायको सायकल फार जोरात चालवायची. ती पुढे निघून जायची आणि वळून पाहायची नाही. तो मागून धापा टाकत यायचा. शेवटी त्याने दोन मोडक्या सायकली कापल्या, जोडल्या, घासल्या, त्यांना निळा रंग दिला आणि म्हणाला, "आता जा बघू मला सोडून." ती हसली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

त्या दोघांबरोबर माझी पुष्कळ वर्षे सुखात गेली. मग ते मुलीकडे राहायला गेले. तिथे चौथ्या मजल्यावर मला जागा नव्हती. जाताना त्यांनी मला वस्तीच्या सभागृहाला देऊन टाकले. सभागृहात मला ठेवले घडीच्या खुर्च्यांच्या मागे. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले, टायर बसले. मी अर्धवट झोपेत असायची. कोणी खुर्च्या ओढल्या की मला वाटायचे, चाक फिरले. मग कळायचे, नाही फिरले.

मला जागे केले ड्रायव्हरकाकांनी. त्यांनी सगळा जन्म शहराची बस चालवली होती. निवृत्त झाले, काकू गेल्या, आणि सकाळी विसळायला एकच कप उरला. म्हणून ते वेळ घालवायला सभागृहात येऊ लागले. एकदा खुर्च्या मोजता मोजता त्यांचा हात माझ्या सीटवर पडला. त्यांनी मला बाहेर उन्हात काढले, पुसले, टायर बदलले. मग सभागृहाचे काम पाहणारे औषधवाले होते, त्यांना जाऊन म्हणाले, "ज्यांना एकट्यानं बाहेर पडता येत नाही, त्यांना मी रविवारी फिरवून आणतो. पुढे मी बसेन."

औषधवाले म्हणाले, "कोणी पडलंबिडलं तर?"

"मी इतकी वर्षं माणसंच नेली," काका म्हणाले. "पोती नाही नेली."

आमच्या वस्तीत बेकरीच्या वरच्या खोलीत एक आत्या राहत होत्या. बेकरी त्यांच्या भाचीची. तिच्यामुळे सगळेच त्यांना आत्या म्हणत. त्यांची नोकरी टेलिफोन खात्यात झाली होती. कानाला यंत्र लावून त्या दिवसभर माणसांना माणसांशी जोडून द्यायच्या. उतारवयात त्यांची नजर गेली, आणि तेव्हापासून त्या जिना उतरल्या नव्हत्या. भाची जेवण वर नेऊन द्यायची. खालून पावाचा वास वर जायचा, आणि वरून खाली काहीच यायचे नाही.

काकांनी मला बेकरीसमोर उभे केले आणि खिडकीकडे पाहून हाक मारली. आत्या आतूनच म्हणाल्या, "नको. मला नाही कोणाच्या गळ्यात पडायचं."

काका गेले. पुढच्या रविवारी परत आले. त्याच्या पुढच्याही. मला आठवते, एकदा भुरभुर पावसातही आम्ही त्या खिडकीखाली उभे होतो. शेवटी जिन्यावर पावले वाजली. कठड्याला धरून आत्या खाली आल्या. पायात ऑफिसचे जुने, पॉलिश केलेले बूट होते.

"मला सायकल येते," त्या दारातच म्हणाल्या. "हे आधीच सांगून ठेवते."

मित्रांनो, त्या सकाळी मी कशी चालले ते मला नीट सांगता येणार नाही. तळ्याकाठी धुके होते. रस्ता कुठे संपतो आणि पाणी कुठे सुरू होते ते दिसत नव्हते. मला वाटले, मी अजून खुर्च्यांच्या मागेच आहे आणि झोपेत चालते आहे. पण मागच्या पायडलवर दोन बूट होते, आणि त्यांचा जोर खरा होता.

काकांना गाडी चालवताना बोलायची सवय नव्हती. ते मध्येच म्हणायचे, "वळण. मग पूल. मग शाळा."

"अहो काका," आत्या म्हणाल्या, "थांबे सांगू नका. काय दिसतंय ते सांगा."

काकांनी समोर नीट पाहिले. मग म्हणाले, "पुलावर एक माणूस भाकरीचे... नाही, पावाचे तुकडे पाण्यात टाकतोय. त्याची टोपी उडालीय, पण त्याला पत्ता नाही." आत्या इतक्या हसल्या की मी डुगडुगले. तेव्हापासून ठरून गेले : जो पुढे बसेल त्याने जे दिसेल ते मागच्याला सांगायचे.

अशी कित्येक महिने आमची रपेट चालली. आणि मग काकांचा गुडघा गेला. डॉक्टरांनी बजावले, गुडघ्यावर जोर द्यायचा नाही. आत्या बूट घालून सभागृहात बसून राहिल्या. पुढे बसायला कोण येणार? ज्याला त्याला माझे कौतुक होते, पण कोणाला दुकान होते, कोणाला पाहुणे होते, आणि बाकीच्यांचे उत्तर होते, "पुढच्या रविवारी बघू."

सभागृहात चहाच्या वेळी एक बाई येऊन शेवटच्या खुर्चीवर बसायची. ती फार दूरच्या देशातून आली होती. कपडे दुरुस्त करून देणाऱ्या दुकानात ती शिलाईचे काम करायची. तिला आपली भाषा येत नव्हती, म्हणून मुले तिला मुकी म्हणत. मोठी माणसे म्हणत नसत. पण तिच्याशी बोलतही नसत. त्या दिवशी तिने कप खाली ठेवला, माझ्याजवळ आली, पुढच्या हँडलवर हात ठेवला आणि मान डोलावली.

"कोण आहे?" आत्यांनी विचारले.

"ती शिवणवाली," औषधवाले म्हणाले. "पण तिला आपलं बोलणं कळत नाही, आत्या. कसं जमायचं?"

"मला दिसत नाही, तिला बोलता येत नाही," आत्या म्हणाल्या. "निदान भांडण तरी होणार नाही."

शिवणवालीचे पाय मजबूत होते. दिवसभर मशीन चालवणारे पाय ते. पण जे दिसेल ते सांगायचे, हा आमचा नियम तिने कसा पाळावा? तळ्याकाठी तिने ब्रेक दाबला, उतरली, वाकली आणि काहीतरी आणून आत्यांच्या तळहातावर ठेवले.

आत्यांनी चाचपले. "पान," त्या म्हणाल्या. "ओलं पान."

"ओलं पान," शिवणवाली म्हणाली.

मग तिने दगड आणला, पीस आणले, कुठल्याशा कुंपणावर अडकलेला लोकरीचा पुंजका आणला. आत्या एकेकाला नाव द्यायच्या आणि ती ते नाव तोंडात घोळवत पाय मारायची. धुके काही उचलून आणता येत नव्हते. तिने आत्यांचा हात धरला आणि तळ्याकडे लांब करून तसाच धरून ठेवला. हात गार पडला, ओलसर झाला.

"धुकं," आत्या हळूच म्हणाल्या.

"धुकं," ती म्हणाली. हा शब्द तिला फार आवडला. कडक ऊन असले तरी ती मध्येच म्हणायची, "आज धुकं नाही." जणू कोणी ओळखीचे माणूस आले नाही.

हळूहळू आत्यांना नुसते फिरणे पुरेना. औषधवाल्यांकडून घरी पोचवायची औषधे त्यांनी मागून घेतली. झोपून असलेली माणसे, बाळंतिणी, जिना न उतरणारे म्हातारे, अशांकडे आम्ही जाऊ लागलो. शिवणवाली दार वाजवायची, आत्या बोलायच्या. आवाजावरून कोणाला बरे वाटते आहे आणि कोण नुसते "बरं आहे" म्हणते आहे, ते त्यांना कळायचे. परत निघायला नेहमी उशीर व्हायचा.

आणि इथे मला माझे दुःख सांगायचे आहे. मी सगळ्यांची झाले होते. रविवारी या दोघी, एरवी आठवडाभर ज्याला हवी तो मला न्यायचा. मुले डबलसीट म्हणून तिघे तिघे बसायची. पावसात मला बाहेर विसरायची. बसणारे पुष्कळ होते, पण वाकून पाहणारा एकही नव्हता. माझ्या ब्रेकची तार आतून गंजत चालली होती. मी कुरकुरत होते, आणि सगळ्यांना वाटत होते, जुनी आहे, कुरकुरणारच.

पुलानंतरच्या उतारावर ती तार तुटली.

शिवणवालीने ब्रेक दाबला तो रिकामाच दाबला गेला. ती तिच्या भाषेत ओरडली. आत्यांना त्यातला एक शब्दही येत नव्हता. पण त्यांनी पाय पायडलवरून काढले आणि दोन्ही बूट रस्त्यावर रोवले. शिवणवालीने मला मेंदीच्या कुंपणात घातले. आम्ही तिघी आडव्या झालो. औषधांच्या पुड्या रस्ताभर पसरल्या. आत्यांचे मनगट मुरगळले. शिवणवालीचे कपाळ खरचटले होते, पण ती आत्यांचे बूट हातात धरून रडत होती. त्यांचे तळ पार घासून गेले होते.

औषधवाल्यांनी मला कुलूप लावले. "तिला भाषा येत नाही म्हणूनच हे झालं," ते म्हणाले. मनाने ते वाईट नव्हते. ते घाबरले होते. शिवणवाली सभागृहात यायची बंद झाली. बेकरीची वरची खिडकीही लागली. मी पुन्हा खुर्च्यांच्या मागे होते, आणि आता मला झोपही येत नव्हती.

मग एका संध्याकाळी सभागृहात चार माणसे जमलेली असताना आत्या आल्या. मनगटाला पट्टी, दंडाला भाचीचा हात. काकाही आले होते. ते दुखऱ्या गुडघ्यावर कसेबसे खाली बसले आणि माझी तुटलेली तार त्यांनी ओढून काढली.

औषधवाले म्हणाले, "आत्या, तुमची काळजी वाटते म्हणून तर..."

"काळजी होती तर ब्रेक पाहायचा होता," आत्या म्हणाल्या. "तो तिनं नाही तोडला. तो आपण सगळ्यांनी मिळून तोडला."

काकांनी गंजलेली तार टेबलावर ठेवली.

"मी जन्मभर माणसांचे आवाज ऐकले," आत्या पुढे म्हणाल्या. "ती ओरडली ती स्वतःसाठी नाही ओरडली. मला तेवढं कळतं. मला पुन्हा वर नेऊन बसवायचं असेल तर बसवा. पण तिला दोष देऊन नको."

दुसऱ्या दिवशी औषधवाले स्वतः शिलाईच्या दुकानात गेले. परदेशी माणसाशी बोलतात तसे ते मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलू लागले, "तुम्ही... परत... या."

शिवणवालीने मशीन थांबवले. "हळू नका बोलू," ती म्हणाली. "मला येतं."

औषधवाल्यांनी नवी तार घेतली आणि काकांच्या देखरेखीखाली स्वतः बसवली. हात काळे झाले, दोनदा उलटी बसवली, पण बसवली आणि माझे कुलूप काढले. तेव्हापासून दर शनिवारी कोणी ना कोणी माझ्यापाशी वाकते. चेनला तेल देते, ब्रेक दाबून पाहते. हे काम टाळणाऱ्याला रविवारी मी मिळत नाही.

आता मी फार थकले आहे. माझ्यासारख्या आणखी दोन सायकली सभागृहाने करून घेतल्या आहेत. आत्या रविवारी सभागृहाच्या टेलिफोनपाशी बसतात; ज्यांना नुसते बोलायचे असते त्यांचे फोन घेतात. म्हणून परवा माझी मागची सीट रिकामी होती. शिवणवालीने मला काकांच्या दाराशी नेले.

"मला कशाला?" काका म्हणाले. "मी काय आजारी आहे?"

"आजारी नाही. एकटे आहात," ती म्हणाली. "बसा. जोर मी देते."

काका दारात घुटमळले. दुसऱ्यांना बोलवायला ते कितीदा गेले होते, पण स्वतःला बोलावणे आल्यावर काय करायचे ते त्यांना माहीत नव्हते. शेवटी बसले. पाय पायडलवर नुसते ठेवले, ते आपले हलके हलके फिरत राहिले. त्यांच्यापुढे आता रस्ता नव्हता, शिवणवालीची पाठ होती. म्हणून त्यांना बाजूला पाहावे लागले.

"या रस्त्यानं मी जन्मभर बस नेली," ते म्हणाले. "पण ही पिवळी खिडकी कधी पाहिली नव्हती. समोरच बघावं लागायचं ना."

"अजून सांगा," शिवणवाली म्हणाली आणि तिने वेग कमी केला.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. सगळ्यांची असलेली वस्तू कोणाचीच नसल्यासारखी टाकू नका. कधी वाकून तिची तार पाहा. आणि एखाद्या माणसाला हाक मारून "नको" ऐकू आले, तर पुढच्या रविवारी पुन्हा जा. इतरांना नेणाऱ्यालाही विसरू नका. त्यालाही एखाद्या सकाळी मागे बसू द्या, आणि सायकल जरा सावकाश चालवा.