पक्कडची रेघ

लोखंडाचा जड तुकडा लेथच्या चकमधून, तो धरून ठेवणाऱ्या जबड्यातून, सुटला आणि मशीन चालवणाऱ्या चष्म्याच्या कानाला वारा घालून मागच्या भिंतीवर आदळला. मशीन बंद झालं, तरी भिंतीचा चुना झरतच होता.

"कान असून ऐकत नाही, म्हणते बायको," चष्म्या कान चाचपत म्हणाला. "आज तिची तक्रारच मिटली असती!"

सगळे हसले. ज्याने तो चक आवळला होता, तो मात्र हसला नाही.

त्याला सगळे पक्कड म्हणत. वीस वर्षांचा रिवाज होता. जड काम असलं की चकची चावी त्यानेच फिरवायची आणि चकवर खडूने रेघ ओढायची. रेघ दिसली की पुन्हा कुणी तपासत नसे.

"चक झिजलाय," चष्म्या म्हणाला. "तुझ्या हाताचा दोष? शक्यच नाही."

पक्कडचा हात खिशाकडे गेला. दोष कुणाचा, ते त्याच्या खिशात घडी घालून ठेवलं होतं.

वर्षभर त्याला जिना चढवत नव्हता. बायकोने जवळ घेतलं की तो काहीतरी निमित्त काढून उठायचा. शेवटी तिनेच दवाखान्यात नेलं. दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन फार कमी.

"हे काही मर्दपणाचं प्रगतिपुस्तक नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "थायरॉइड कमी होतं ना, तसंच. आधी कारण शोधू, मग औषध. पण ताकद यायला महिने लागतील. कामावर सांगून ठेवा."

वाटेत तो बायकोला म्हणाला, "कुणापाशी बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलू? मला वाटत होतं, मीच नकोशी झाले. त्यापेक्षा हा कागद बरा." मग ती हळूच हसली. "बायकांच्या अंगातही असतं म्हणे ते थोडंसं. लागलं तर देईन उसनं. पण अहो, ज्यांचा जीव तुमच्या हातावर आहे, त्यांना तरी सांगा."

"सांगतो," तो म्हणाला होता. त्याला आठ दिवस झाले. रोज तोंड उघडायचा आणि मागून कुणीतरी 'ए पक्कड' अशी हाक मारायचं.

"चल, आवळ." चष्म्याने दुसरा तुकडा बसवून चावी पुढे केली.

त्याने सगळा जीव एकवटला. चावी अडली, पण ती चकने अडवली की हातानेच हार खाल्ली, ते त्याला कळेना. त्याने खडू उचलला. रेघ उमटायच्या आतच चष्म्याचं बोट बटणाकडे गेलं.

"थांब!"

स्वतःच्याच आवाजाने तो दचकला. "तू आवळून बघ. माझ्या अंगात जोर राहिला नाही. डॉक्टरांचा कागद आहे."

कुणी हसलं नाही. तेच त्याला जास्त भयंकर वाटलं.

चष्म्याने चावी घेतली, अंग टाकून दाबली. ती आणखी पाव फेरा फिरली. सगळ्यांनी पाहिलं.

चष्म्या चष्मा पुसत राहिला.

"यापुढे दोन रेघा," तो म्हणाला. "आधी तुझी. ओढ."

पक्कडची रेघ वाकडी आली. चष्म्याने खडू घेतला आणि तिच्या शेजारी, तिच्याइतकीच वाकडी, दुसरी ओढली.