भुकेची राख

बाजाराच्या पटांगणात वासरांची रांग लागली होती. मांडवात भूकवाले महाराज एकेकाच्या जिभेवर चिमूटभर राख टेकवत होते. "इथं आणण्याआधी रात्रभर दुधाचा थेंब द्यायचा नाही! पोट रिकामं, तरच शक्ती उतरते!" मग बादली पुढे यायची, आणि आईपासून तोडल्यावर दुधाला तोंड न लावणारं वासरू ती चाटूनपुसून साफ करायचं. लोक तोंडात बोटं घालायचे.

रांगेत विज्ञानाच्या निवृत्त बाईही होत्या. त्यांचं वासरू घटाघटा प्यायलं. बाईंनी हात जोडले, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेजारीण धावत आली. "बाई, चला हो! माझं वासरू मान टाकून पडलंय." हगवण लागलेलं वासरू, त्यात रात्रभर उपाशी. जनावरांची डॉक्टर पोचेपर्यंत ते गेलं होतं. ही डॉक्टर बाईंचीच विद्यार्थिनी.

"हगवणीनं अंगातलं पाणी जातं, वर तुम्ही दूधही तोडलंत! कुणी सांगितलं?"

"महाराजांनी. मी ऐकणार नव्हते हो, पण काल रांगेत बाई दिसल्या. म्हटलं, बाई जातात म्हणजे खरंच असणार."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पण माझं प्यायलं गं..."

"पिणारच! पोट रिकामं राहिलं की जठरातून भुकेचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि मेंदूला सांगतं, खा. राख कशाला हवी?" डॉक्टरचा आवाज खाली आला. "बाई, दुसरी कुंडी कुठे होती?"

रोपाची एक कुंडी उजेडात, एक अंधारात. दोन्ही पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, हे बाईंनीच जन्मभर शिकवलं होतं. त्या तडक पटांगणात गेल्या.

"याला राख लावू नका," म्हणत त्यांनी रांगेतल्या पहिल्या वासरापुढे बादली ठेवली. ते प्यायलं.

"आमच्या नुसत्या नजरेचा प्रभाव!" महाराज गरजले.

"मग पाठ फिरवा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांना पाठ फिरवावी लागली. दुसरं वासरूही प्यायलं.

"काल मी इथं हात जोडले," बाई म्हणाल्या. "ते बघून शेजारणीनं आजारी वासराचं दूध तोडलं. ते मेलं. कुणाकडे बघून काही मानू नका, माझ्याकडे बघून तर नाहीच. आजारी वासरू डॉक्टरला दाखवा. आणि चमत्कार दिसला की आधी विचारा, राख नसती तर काय झालं असतं?"

रांग पांगली. शेजारीण मागेच उभी होती, हातात रिकामं दावं घेऊन. बाई तिच्यासमोर गेल्या, पण त्यांना मान काही वर करता आली नाही.