क्रूसापाशी थांबणारा घोडा

घोडा विकायला काढला की माणसाला स्वतःचीच लाज वाटायला लागते. येईल तो त्याचे दात बघतो, खूर उचलून बघतो, पोटावर थापा मारतो, आणि शेवटी तोंड वाकडं करून म्हणतो, "बघू, कळवतो." दिवाळीपासून मी हेच ऐकत होतो. आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तरी घोडा दारातच.

मी सायमन, राजोडीचा. शनिवार-रविवार किनाऱ्यावर आलेल्या पाहुण्यांना घोडीवरून फिरवायचो. तीच घोडी, राणी, लग्नसराईत विरारला नवरदेव मिरवायला जायची. गेल्या पावसाळ्यात पोट फुगून ती गेली आणि मागे राहिला तिचा रॉकी. तीन वर्षांचा, तांबूस, गरीब स्वभावाचा. नाव आमच्या लेकीने, टिफनीने ठेवलं. ठेवलं आणि लग्न करून फ्लॅटमध्ये राहायला गेली. तिसऱ्या मजल्यावर घोडा थोडाच नेणार?

माझा गुडघा पार गेलाय. सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं, आणि डॉक्टर म्हणाला होता, पुढे चारा वाहणं, खरारा करणं, सगळं विसरा. मार्था, माझी बायको, बाकी कशाला भीत नाही, फक्त घोड्याला भिते. तेव्हा सोमवारच्या आत रॉकीला धड माणूस मिळायला हवा होता. नाहीतर अर्नाळ्याचा नथू दलाल होताच. नथू कुठलंही जनावर घेतो. ते पुढे कुठे जातं, कुणाला विचारायची सोय नाही. त्याने नेलेला घोडा आमच्यापैकी कुणी पुन्हा पाहिलेला नाही.

"सायमनशेठ, मालाला उठाव नाय," नथू दर आठवड्याला येऊन सांगायचा. "पोरं बीचवर ती चार चाकांची बाइक मागतात. नवरा उघड्या गाडीतून येतो. आनि ज्याला बसायचाच हाय, त्याला घोडी लागते. घोडा कोन घेनार?"

मेला बोलायचा ते खरंच बोलायचा, म्हणून जास्त राग यायचा. पण अडला हरी. त्याला चहा पाजून मी म्हणायचो, बघू रविवारपर्यंत.

आता रॉकीची खोट सांगतो. घरापासून किनाऱ्यापर्यंत आणि उलटं मेन रोडपर्यंत आमच्या गल्लीत ठिकठिकाणी क्रूस आहेत. मी राणीला घेऊन निघालो की प्रत्येक क्रूसापाशी लगाम ओढायचो, कपाळ, छाती, खांदे असा हात फिरवून क्रुसाची खूण करायचो, मग पुढे. बापाची सवय, ती मला लागली. रॉकी तेव्हा शिंगरू, आईच्या मागे मागे चालायचा. आई थांबली की हाही थांबायचा. मोठा झाला तरी क्रूस दिसला की हा उभा. माझा हात कपाळावरून खांद्यापर्यंत फिरला की मगच पाय उचलणार. मी कौतुकाने सगळ्यांना दाखवत फिरलो. मार्था म्हणाली, "घोडा पक्का कॅथलिक केलास. आता चर्चमध्ये नेऊन त्याचं दृढीकरण पण उरकून टाक."

तेव्हा हसलो. पण पहिलं गिऱ्हाईक बसून निघालं आणि कोपऱ्यावरच्या क्रूसापाशी रॉकी जो थांबला तो थांबला. मागे रिक्षावाले भोंगे वाजवायला लागले. त्या माणसाने चाबूक काढला. मी रॉकीच्या अंगावर हात टाकून आडवा आलो, म्हटलं उतर खाली. दुसराही असाच गेला. मग सगळीकडे झालं, सायमनचा घोडा अडेल आहे.

शनिवारी स्वप्नाली आली. विरार पूर्वेला डोंगराच्या बाजूला लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवते. जीन्स, डोक्याला टोपी, पोरसवदा. मी इतका कंटाळलो होतो की आधीच सांगून टाकलं, "बाय, याला खोट आहे. नंतर बोलू नकोस." ती तरी बसली. रॉकी क्रूसापाशी थांबला. तिने ना टाच मारली ना लगाम ओढला. नुसती बसून राहिली. मी खूण केली तेव्हा तो चालला. तिने कारण विचारलं, मी सांगितलं.

"अंकल, मला पळणारे घोडे खूप मिळतात," ती म्हणाली. "मुलांसाठी थांबणारा पाहिजे. आणि आमच्याकडे रस्त्यात क्रूस नाहीयेत. डोंट वरी."

मला बरं वाटायला हवं होतं. क्रूस नाहीयेत, एवढंच डोक्यात राहिलं.

रविवारी ती टेम्पो घेऊन आली. गल्लीत पाइपलाइनसाठी खोदलं होतं, म्हणून टेम्पो मेन रोडला उभा. तिथवर चालत जायचं. रॉकीला माझ्याशिवाय कोण पुढे नेणार? म्हणजे माझा घोडा मलाच पोचवायचा होता. प्रत्येक क्रूसापाशी तो थांबायचा, मी खूण करायचो, आम्ही निघायचो. गुडघ्यातून कळा येत होत्या. मी मुद्दाम हळू चाललो, खोटं कशाला बोलू.

शेवटचा क्रूस अगदी रोडला लागून आहे. पलीकडे टेम्पो, मागची फळी खाली टाकलेली. रॉकी थांबला. माझा हात काही वर जाईना.

स्वप्नालीने थोडं थांबून क्रूसाला हात जोडले. रॉकी हलला नाही. मग तिने मला बघून बघून शिकलेली खूण केली, नीट केली. तरी हलला नाही. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्याला माझाच हात हवा होता, आणि मला लहान पोरासारखा आनंद झाला. वाटलं, उभा राहा असाच. नेऊ दे कोण नेतो ते.

मग आठवलं, उद्या ऑपरेशन. संध्याकाळी नथू येणार.

मी हात वर केला. कपाळ, छाती, एक खांदा, दुसरा खांदा. रॉकी आपणहून चालायला लागला, फळी चढून आत जाऊन उभा राहिला. एकदाही अडला नाही. स्वप्नालीने लगाम घेतला, काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

घरी पोचलो तर मार्था उंबऱ्यातच होती. माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "या गुडघ्याने इतक्या लवकर आलास?"

"येताना कुठल्या क्रूसापाशी थांबलोच नाही," मी म्हटलं.

माझा हात धरून तिने मला आत नेलं.