एकदाच बसलेला धक्का

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात सगळे तिला वहिनीच म्हणत. घरी धाकटा दीर म्हणायचा, एकदा तो डबा द्यायला ऑफिसात आला, आणि ते नाव तिथेही चिकटलं ते चिकटलंच. धरणापासून शहरापर्यंत येणाऱ्या मोठ्या जलवाहिनीवर गस्त घालणाऱ्या माणसांची ती प्रमुख होती. जलवाहिनीची वाट वाईट. आधी नदीकाठची वाळू, मग चिकट मातीची शेतं, मग खडकाळ टेकडी. मोटारसायकल वाळूत रुतायची, साधी सायकल टेकडीवर जीव काढायची. त्यामुळे सगळे पायीच फिरत.

त्यात सगळ्यांत जुना गस्तवाला म्हणजे पैलवान. अंगानं वाळलेली काडी, तरी नाव पैलवान. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. गस्तीसाठी जाड टायरच्या इलेक्ट्रिक सायकली घ्यायच्या असं ऑफिसात ठरलं, तेव्हा तो लहान मुलासारखा खूश झाला.

चाचणीसाठी निवडलेली पहिली सायकल वहिनीच्या दिरानंच बनवलेली होती. घराशेजारच्या शेडमध्ये तो कितीतरी महिने स्वतःला कोंडून घेऊन बसला होता. मोटर इथून आण, बॅटरी तिथून आण, सांगाडा स्वतः जोड. हाताला काळं लागलेलं, जेवायला हाक मारावी तर "आलोच" म्हणून तासाभरानं उगवायचा.

वहिनीनं साहेबांना आधीच सांगून टाकलं, "ही माझ्या दिराची गाडी आहे. चाचणी दुसऱ्या कुणाकडे द्या."

"दुसऱ्या कुणाला त्या वाटा ठाऊक आहेत?" साहेब म्हणाले. "आणि घरच्या माणसाची गाडी तुम्ही जास्तच पिळून काढाल. तुम्हाला काय मी आज ओळखतो?"

पहिल्या दिवशी सकाळी ती निघाली. वाळूवर आल्यावर टायरमधली हवा थोडी सोडली, आणि गाडी चक्क तरंगायला लागली. ज्या वाळूत तिच्या चपला रोज अडकायच्या, तिथून ती न उतरता पार झाली. शेतात चिखल टायरला आणि मडगार्डला गच्च चिकटला, तो काडीनं खरवडावा लागला. तेवढं एक तिनं मनात नोंदवलं. टेकडीच्या चढावर मोटर हलकेच गुणगुणली आणि कुणीतरी खालून उचलून धरावं तशी गाडी वर गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून वहिनी मोठ्यानं हसली.

उतारावर व्हॉल्व्हच्या चौथऱ्याशी वाट एकदम डावीकडे वळते. पलीकडे घळ. तिनं पॅडल थांबवलं, हँडल वळवलं, ब्रेक दाबला.

गाडी थांबण्याऐवजी पुढे सरकली.

एक क्षणच. पाठीला हात लावून कुणी ढकलावं तसं. मग ब्रेक लागला आणि गाडी घळीच्या काठाशी उभी राहिली. सुटलेले दोन दगड खाली गडगडत गेले. वहिनीनं पाय टेकवले. थोड्या वेळानं ती गाडी ढकलत पुन्हा वर गेली, पुन्हा उतरली, त्याच वळणावर ब्रेक दाबला. गाडी शहाण्यासारखी थांबली. पुन्हा वर, पुन्हा खाली. काही नाही.

संध्याकाळी दीर फाटकातच उभा होता. "कशी वाटली?"

"वाळूत तर विचारूच नका, भाऊजी. चढावर पण झकास." मग तिनं गाडी स्टँडला लावली. "पण उतारावर एक धक्का बसला. ब्रेक दाबला तरी मोटर चालूच राहिली, असं वाटलं."

"शक्य नाही. पॅडल थांबलं तरी मोटर क्षणभर फिरते खरी, पण ब्रेकला हात लागला की तिथेच बंद होते. तशी वायरच टाकलीय मी."

"ती टाकलीत म्हणूनच तर विचारतेय."

त्यानं तिथल्या तिथे मीटर आणला, एकेक जोड तपासला. सगळं ठीक. ब्रेक दाबून चाक फिरवून दाखवलं, मोटर दर वेळी गप्प. "बघा," तो म्हणाला. ती बघतच होती.

तिथून वहिनीचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. ऑफिसात फोनवर बोलता बोलता तिची बोटं हवेत ब्रेक दाबायची. घरी भांडं उचललं तरी मूठ आवळली जायची. ती रोज गाडी घेऊन निघे. टायर ओले करून पाहिले. मागे वाळूची पोती बांधून पाहिली. बॅटरी अर्धी असताना, संपत आलेली असताना, सकाळच्या गारव्यात, भर उन्हात. सपाटीवर हँडल वळवून, उतारावर हँडल सरळ ठेवून. गाडीनं एकदाही दगा दिला नाही. मग तिला स्वतःचाच संशय यायला लागला. आपला हात घसरला असेल का? पॅडल अर्धवट फिरलं असेल का? पण पाठीला बसलेला तो धक्का तिला अजून जाणवत होता.

तिनं पैलवानालाही गाडीवर बसवून पाहिलं. तो जाऊन आला तो चेहरा फुलवूनच. "वहिनी, लोणी आहे हो, नुसतं लोणी! कधी मिळणार?"

सासूबाई सगळं बघत होत्या. एकदा चहाचा कप पुढे करताना म्हणाल्या, "खोट काढल्याशिवाय तुला चैन पडत नाही ना? पोरानं रक्त आटवलंय त्या गाडीपायी."

"म्हणूनच शोधतेय, आई."

"आणि नाहीच सापडली तर?"

वहिनीनं कप खाली ठेवला आणि गाडी बाहेर काढली. नवरा बदलीच्या गावी होता. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही दोघं बघून घ्या. मला मध्ये घेतलंत तर मला सुट्टीत घरी यायची सोय राहणार नाही."

शेवटी साहेबांनी बोलावलं. वहिनीनं सगळं सांगितलं. वाळू उत्तम, चढ उत्तम, बसायला सोपी, वजन जरा जास्त, चिखलात मडगार्ड उंच हवं.

"मग घेऊ या?"

"नको. एवढ्यात नको."

धक्क्याची हकिकत ऐकून साहेब खुर्चीत मागे रेलले. "एकदाच बसला?"

"एकदाच."

"दाखवता येईल?"

"नाही."

"मग वरच्यांना मी काय सांगू?"

"सांगा, वहिनीला भीती वाटते."

पैलवान दारातच उभा होता. त्यानं ऐकलं. तो कधी आवाज चढवत नसे, तेव्हाही चढवला नाही. "वहिनी, तुमच्या भीतीसाठी टेकडी पायी चढायची मी कशी? गुडघे माझे आहेत." एवढं बोलून तो लंगडत गेला.

घरी तर त्याहून वाईट. दिरानं भांडण केलं नाही, आदळआपट केली नाही. त्यानं फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. जेवायला येईना. सासूबाई ताट झाकून शेडमध्ये नेत आणि परत येताना वहिनीकडे न बघता मोरीत हात धूत. वहिनीला वाटे, जाऊन सांगावं, चुकलं माझं, गाड्या घेऊ या. दोनदा ती शेडच्या दारापर्यंत गेलीही. पण दार ढकलायच्या आधीच तिला घळीचा तो काठ दिसे, आणि तिथे उभी असलेली गाडी पैलवानाची असे. मग ती परत फिरे.

मग एका सकाळी तिनं खिडकीतून पाहिलं, दीर स्वतःच गाडी घेऊन टेकडीकडे निघाला होता. दुसऱ्या दिवशीही. मग रोजच. गस्तीवरून आलेला पैलवान सांगे, जरा रागातच, "तुमचा दीर वेड लागल्यासारखा वर-खाली करतोय तिकडे. जेवलाय का तो?"

आता वहिनीच्या जिवाला नवा घोर लागला. इतके दिवस तिला वाटत होतं, तो धक्का पुन्हा बसावा. आता वाटू लागलं, बसू नये. निदान त्याला तरी बसू नये. एका दुपारी कागद समोर असतानाच ती उठली, साहेबांना "येते जरा" म्हणाली आणि टेकडीकडे पायी निघाली. ऊन डोक्यावर होतं. वाळूत ती जवळजवळ पळतच होती.

वळणावर गाडी झुडपात आडवी पडलेली. दीर चौथऱ्यावर बसला होता. कोपर सोललेलं, शर्टाची बाही फाटलेली. तिला बघून तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"बसला, वहिनी! धक्का बसला!"

"लागलंय किती ते बघा आधी!"

"ते राहू दे. इकडे या." त्यानं गाडी उचलली, हँडल डावीकडे पूर्ण वळवलं आणि पुढच्या बाजूवर सगळा भार टाकून ती दाबली. पुढचे शॉकअप खाली बसले, आणि हँडलच्या मानेतून जाणारी ब्रेकची बारीक वायर ताठ ताणली गेली. जोडातून केसभर सुटली, म्हणजे ब्रेक दाबल्याचं मोटरला कळेना. भार काढला, परत बसली. "पूर्ण वळण आणि पुढचं चाक खड्ड्यात, दोन्ही एका वेळी हवं. तुम्हाला तो खड्डा पहिल्याच दिवशी लागला. मला इतके दिवस लागेना."

"वायर आखूड पडली?"

"आखूड नव्हती." त्यानं वायरवरून बोट फिरवलं. "मी ओढून बांधली. लोंबती वायर गबाळी दिसते म्हणून. गाडी देखणी दिसावी म्हणून, वहिनी."

तिनं गाडीला अडकवलेल्या बाटलीतल्या पाण्यानं ओढणीचं टोक भिजवून त्याच्या कोपराला लावलं. तो कळवळला. "आता ओरडा," ती म्हणाली, "घरी आईंसमोर ओरडलात तर मलाच ऐकावं लागेल."

गाडी ढकलत दोघं खाली उतरली. त्या दिवशी तो जेवायला आत आला. सासूबाईंनी कोपराकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि तिच्या ताटात आधी वाढलं.

खरेदी मात्र पुढे ढकलली गेली ती गेलीच. पैलवानाला तोवर पायीच फिरावं लागलं, आणि त्यानं तोंडावर बोलून दाखवलं नाही तरी त्याचं लंगडणं वहिनीला रोज दिसत होतं. दिरानं वायरला सैल वळसा दिला, जोड बदलला, मडगार्ड उंच केलं. वहिनीनं पुन्हा पहिल्यापासून चाचणी घेतली. त्या खड्ड्यात मुद्दाम चाक घालून, हँडल पूर्ण वळवून. दीर प्रत्येक वेळी घळीच्या बाजूला हात पसरून उभा राहायचा. शेवटी ती साहेबांना "घ्या" म्हणाली, तरी त्या रात्री तिला झोप लागायला वेळ लागलाच.

गाड्या आल्या. पहिल्या दिवशी पैलवान निघाला तो वाळू, शेतं, टेकडी सगळं पार करून भलत्याच लवकर ऑफिसात परत हजर झाला. घाम नाही, दम नाही. तो बाकावर बसला, उठला, पाणी प्यायला, खिडकीतून बघितलं, परत बसला.

"वहिनी," तो शेवटी म्हणाला, "आता दिवसभर करू काय मी?"

वहिनी हसली. "पलीकडच्या फाट्याची वाहिनी कुणी नीट बघितलेलीच नाही अजून."

तो उठलाच होता. "बॅटरी पुरेल?"

"पुरेल. पण उतारावर हळू."

"हो हो," असं म्हणेपर्यंत तो दाराबाहेर होता.