एडिथच्या वाट्याचे शिंपले

लोरेनानं पातेल्याच्या झाकणावर हात ठेवला आणि तो तिथंच दाबून धरला.

"मामा, हे बाहेर नेऊ नकोस."

डेल्बर्ट मामानं डाव झाकणावर आपटला.

"हात काढ. माणसं बसलीत."

माणसं बसली होती खरी. लोरेनाच्या आईला, एडिथला, जाऊन वर्ष झालं होतं, आणि ट्लिंगिट जमातीत वर्षाचं जेवण घालायचं ते समोरच्या कुळांना. एडिथ डोमकावळ्याच्या कुळातली, म्हणून हॉलमध्ये समोरच्या गरुड कुळांतले सगळे जमले होते, म्हाताऱ्यांपासून मांडीवरच्या पोरांपर्यंत. यजमानानं जे वाढेन म्हणून सांगितलं ते वाढायचं. वाढलेल्याला पाहुण्यानं नाही म्हणायचं नाही. आणि एडिथ करायची तसे शिंपले घालणार, हे मामानं गावभर सांगून ठेवलं होतं.

तीच तर पंचाईत होती. जमातीच्या प्रयोगशाळेत खाडीचं पाणी तपासायचं काम लोरेनाकडे होतं. आजही इथं येण्याआधी तिनं बारीक जाळीतून पाणी गाळलं आणि थेंब काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, आणि ते दिसले. एका पेशीचे जीव ते. तोंड नाही, पोट नाही, डोकं नाही. आत एक केंद्रक, अंगावर चिलखत, पोहायला दोन शेपट्या. उन्हावर जगायचं आणि एकाचे दोन व्हायचं, एवढाच काय तो संसार. पण हे एकमेकांना चिकटून माळेनं चालले होते, आणि असे चालणारे कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांचं विष शिंपल्यात साठतं. शिंपल्याला काही होत नाही. उकळून ते जात नाही. खाणाऱ्याचा मात्र श्वास बंद पडू शकतो.

"शिंपल्यांचा अहवाल आलाय?" मामानं विचारलं.

"नाही. यायला वेळ लागेल. पाण्यात दिसलेत."

"पाण्यात ना? मग पाणी पिऊ नकोस."

"शिंपले तेच पाणी गाळून जगतात, मामा."

"आपली माणसं हजारो वर्षं हा किनारा खाऊन जगली."

"काही मेलीही. त्यांना कुणी विचारलंय?"

मामाचा चेहरा उतरला. मग तो आणखीच हट्टाला पेटला.

"मी गरुडांसमोर हात हलवत जाऊ? जन्मभर टोमणे मारतील. तुझ्या त्या ठिपक्यांपायी तुझ्या आईचं नाव घालवायचं?"

हे तिला लागलं. आईसाठी तिनंही वर्षभर ब्लँकेटं जमवली होती, मासे धुरावर सुकवले होते. तरी हात झाकणावरून हलला नाही.

"म्हाताऱ्या ऑटोची नातवंडं पहिल्या रांगेत आहेत," ती म्हणाली. "त्यांना तू स्वतःच्या हातानं वाढ."

मामानं बोटं एप्रनला पुसली, पुन्हा पुसली. मग तिला खांद्यानं बाजूला सारलं, पातेलं उचललं आणि तो हॉलमध्ये गेला. लोरेना मागोमाग धावली.

"आला बाबा एकदाचा," गरुडांमधला म्हातारा ऑटो म्हणाला. "म्हटलं, उरलेले दात पडल्यावर वाढणार की काय."

सगळे हसले. मामा हसला नाही. पहिल्या रांगेतल्या पोरीनं वाडगा पुढे केला.

आता ओरडायचं, नाही तर पातेलं उलथून द्यायचं. आईच्या वर्षाला, भरल्या हॉलमध्ये. लोरेनानं श्वास भरून घेतला.

मामा पोरीच्या वाडग्याला वळसा घालून पुढे गेला. मागच्या दारापाशी एडिथसाठी विस्तव पेटवलेला होता. गेलेल्या माणसाचा घास विस्तवात घालतात. ताटलीभर घालतात, पातेलंभर कुणी घालत नाही. मामानं बहिणीचं ट्लिंगिट नाव मोठ्यानं घेतलं.

"हिला हे फार आवडायचे," तो सगळ्यांना म्हणाला. "आजारपणात खाऊ दिले नाहीत आपण. आज सगळे हिचे."

आणि त्यानं पातेलं पालथं केलं. विस्तव चरचरला, वाफ छतापर्यंत गेली. ऑटोनं टोपी काढली.

"जेव बाई," तो म्हणाला. "सावकाश जेव."

कुणीतरी ढोल धरला. लोरेना मामाजवळ गेली तेव्हा तिला रडू आवरत नव्हतं.

"मामा, तू माझं ऐकलंस."

"हळू बोल. माझा दंड धर, लोकांना वाटू दे आपण एडिथचं बोलतोय." त्याचे शब्द जिभेवर अडखळत होते. "चव बघताबघता दुपारी वाडगाभर खाल्ले मी. तू झाकण धरून बसलीस तेव्हा बोटांना मुंग्या आल्या. आता ओठ आहेत की नाहीत, समजत नाही."

"अरे, मग तेव्हाच का नाही बोललास?"

"आधी तिचं व्हायला हवं होतं. आता कर फोन."

लोरेनानं एका हातानं नंबर लावला. दुसरा हात मामानं धरून ठेवला होता, आणि आपण तो किती जोरानं आवळतोय हे त्याला कळत नव्हतं.