डाव्या हाताचं वळण

दादाची गाडी पुन्हा भिंतीत गेली तेव्हा बांबू हसला. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "दात आत घे, नाहीतर त्यांनाही डाग देईन." माझ्या हातात तारा जोडायची तापलेली सोल्डरची कांडी होती, त्यामुळे त्याने दात आत घेतले. बांबू म्हणजे आमच्या ट्रॅकवरचा सगळ्यात उंच आणि सगळ्यात जास्त जिंकणारा माणूस. दोन्ही गोष्टींची त्याला घमेंड आहे.

गाडी म्हणजे हातभर लांबीची, रिमोटवर चालणारी, मातीच्या लंबगोल ट्रॅकवर पळणारी. ज्यांना हा पोरखेळ वाटतो त्यांनी एकदा खाली वाकून बघावं. ही गाडी फक्त डावीकडे वळायलाच जन्माला येते. उजवी चाकं मोठी, डावी लहान. बॅटरी डाव्या कडेला. चार कोपऱ्यांना चार तऱ्हेच्या स्प्रिंगा. सपाट रस्त्यावर सोडली तर दारुड्यासारखी एका अंगाला जाते. पण वळणात शिरली की तिचं सगळं वाकडेपण कामाला येतं. माणसांचं असं झालं असतं तर माझं बरंच भलं झालं असतं.

आमचं वाटप ठरलेलं. हात दादाचे, पाना माझा. दादा शाळेची बस चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी ही गाडी पळवतो. माझी मोबाइल दुरुस्तीची टपरी आहे. बारीक स्क्रू आणि बारीक तारा हा माझा धंदा, म्हणून सेटिंग माझ्याकडे. त्यानेच मला ठिणगी हे नाव ठेवलं, सोल्डरमुळे की तोंडामुळे ते विचारू नका. "तुझं तोंड आवर," हे वाक्य मी आईपासून वहिनीपर्यंत सगळ्यांकडून ऐकलेलं आहे.

त्या दिवशी सकाळपासून दादाचं एकच पालुपद. "ठिणगे, नाक बाहेर जातंय. डाव्या हाताच्या वळणाला गाडी वळतच नाही."

चालवणारे सगळे एका लांब फळीच्या माचावर, ट्रॅकच्या लांब बाजूला उभे राहतात. गाडी त्यांच्या समोरून उजवीकडे जाते, उजव्या हाताचं वळण घेते, पलीकडून उलट येते आणि डाव्या हाताचं वळण घेऊन पुन्हा समोर येते. दोन्ही ठिकाणी वळायचं डावीकडेच. नावं फक्त उभ्या माणसाच्या हातांवरून पडलेली.

नाक बाहेर जातं म्हणजे पुढची चाकं माती धरत नाहीत, गाडी वळायच्या ऐवजी सरळ भिंतीकडे निघते. त्याला औषध आहे. मी चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले, स्वयंपाकघरात पीठ मोजतात तसले, आणि मागच्या डाव्या चाकावरचा भार कमी केला. तिथला भार उतरला की नाक वळायला लागतं.

दादा माचावर चढला. उजव्या हाताचं वळण लोण्यासारखं कापलं. डाव्या हाताला धाड.

"अजून कमी कर," तो म्हणाला.

अजून कमी केला. बॅटरी मागे सरकवली. पुढची उजवी स्प्रिंग मऊ घातली. मागचे टायर गुळगुळीत झालेले लावले, म्हणजे शेपटीनं तरी सरकावं. प्रत्येक वेळी तेच. उजव्या हाताला लोणी, डाव्या हाताला धाड. रेसच्या आधीच्या फेऱ्या संपल्या तेव्हा दादा यादीत तळाला होता, आणि गाडीचं लाल कवच एका बाजूने चिकटपट्टीवर जगत होतं.

मी चिखल्याला धरला. चिखल्या ट्रॅकवर पाणी मारतो. माती ओली असेल तर टायर चिकटतात, वाळली की काच होते.

"त्या टोकाला पाणी कमी मारलंस."

"ताई, मी पाणी मारतो, भेदभाव करत नाही."

मी जाऊन दोन्ही वळणांत अंगठा दाबून पाहिला. सारखीच माती, सारखाच ठसा. चिखल्या नळी खांद्यावर टाकून बघत उभा होता. "माफी नंतर मागितली तरी चालेल," म्हणाला.

मग नाइलाजाने मी बांबूकडे गेले. "जरा आमची गाडी फिरवून सांग काय होतंय."

बांबूने रिमोट घेतला आणि पहिल्याच वळणाला, उजव्या हाताच्या, गाडी गर्रकन स्वतःभोवती फिरून उलटी उभी राहिली. पुन्हा सोडली. डाव्या हाताच्या वळणालाही तेच.

"ही गाडी आहे का भोवरा? सेट कुणी केली?"

"मी."

"मग बरोबर. मालकिणीवर गेलीय. कधी फिरेल भरवसा नाही." मग तो खरंच विचारात पडला. "पण ठिणगी, नाक कुठे बाहेर जातंय? हिचं नाक नको तितकं आत येतंय. दोन्हीकडे."

दोन्हीकडे. मी रिमोट हातात घेऊन तिथेच थांबले.

गाडीला बाजू कळत नाही. वळण उजव्या हाताचं का डाव्या हाताचं, हे माणसाला कळतं. दोन्ही वळणांचा आकार तोच, माती तीच, तिला दोन्हीकडे वळायचं डावीकडेच. खोट गाडीत असती तर दोन्ही टोकांना दिसली असती. आणि दादाने उजव्या हाताला हा भोवरा सकाळभर लोण्यासारखा कापला होता. बांबूला जमलं नाही ते त्याने हसत केलं होतं. मग एवढा हुशार हात डाव्या टोकाला गेल्यावर आंधळा कसा होत होता?

आंधळा. हा शब्द मनात आला आणि मी आमच्या टेबलाकडे निघाले.

आमचं टेबल पत्र्याच्या छपराखाली होतं. दादा स्टुलावर बसून टायर पुसत होता. वहिनी थर्मासमधून चहा ओतत होती. मी लाल कवच उचललं आणि दादाच्या डाव्या बाजूला, हात लांब करून, त्याच्या खांद्याच्या रेषेत धरलं. आवाज केला नाही.

"कवच कुठंय ग?" त्याने वहिनीला विचारलं. "चिकटपट्टी बदलायची होती."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, बोलू नको म्हणून.

कवच मी हळूहळू पुढे आणलं. त्याच्या कानापर्यंत. गालापर्यंत. तो टायर पुसत होता, बांबूच्या गर्वाबद्दल काहीतरी बोलत होता. लाल भडक वस्तू, टेबलाएवढ्या अंतरावरही नाही, वीतभर अंतरावर. ती नाकासमोर आली तेव्हा तो एवढा दचकला की टायर हातातून उडाला.

"काय चावटपणा आहे? कुठून आलीस?"

"मी इथेच आहे, दादा. केव्हाची."

वहिनीने कप टेबलावर ठेवला. त्याच्या उजव्या बाजूला. थर्मास जवळ होता तो डावीकडे, तरी ती वळसा घालून उजवीकडे आली आणि मग कप ठेवला. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तिनेही पाहिलं.

"कधीपासून कप उजवीकडे ठेवतेस, वहिनी?"

"अगं... सांडायचा सारखा. डावीकडे ठेवला की हात लागायचा."

"विचारलं नाहीस का, का सांडतो?"

"चिडतात," ती म्हणाली. एवढंच. ती थर्मासचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत होती, ते पाहून माझा राग अर्धा झाला. बाकीचा अर्धा मी स्वतःजवळ ठेवला, कारण तो लागणार होता.

थंडी संपता संपता दादाला एकदा चक्कर आली होती. अर्धा दिवस डोकं धरून पडला, मग उठला, "पित्त" म्हणाला, आणि घराने ते पित्त मान्य केलं. आमच्या घरात आजार शोधायची घाई नसते, विषय मिटवायची असते. त्यानंतर दाराच्या चौकटीला त्याचा डावा खांदा आपटायचा. बसचा डावा आरसा फुटला. "खांब मधे आला," म्हणाला होता. खांब मधे येत नाहीत. खांब उभे असतात.

आणि बसचं दार डाव्या बाजूला असतं. पोरं डावीकडून चढतात. डावीकडून उतरतात. दप्तर पडलं तर डावीकडेच वाकतात, चाकाजवळ.

"दादा, तुला डावीकडचं दिसत नाही."

"मूर्खासारखं बोलू नकोस. दोन्ही डोळे उघडे आहेत माझे."

"डोळ्यांचं नाही. कदाचित डोक्यातलं काहीतरी. पलीकडून येताना गाडी दिसते तुला, पण तिच्यापुढचं वळण दिसत नाही. म्हणून ती भिंतीत जाते. उद्या सकाळी तू बस काढणार आहेस."

"तोंड आवर."

"नाही आवरत."

"मी इतकी वर्षं—"

"इतकी वर्षं कुणाला धक्का लावला नाहीस, माहीत आहे मला. उद्याचं बोलतेय."

तो उठला. स्टूल पडलं. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं एकदम स्क्रू शोधायला लागली. मला वाटलं, हा आता मला मारेल किंवा निघून जाईल. त्याने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. त्याने पडलेलं स्टूल उचलून ठेवलं, आणि ठेवताना ते टेबलाच्या डाव्या पायावर आपटलं. तो त्या पायाकडे बघत राहिला. मान पूर्ण वळवून, हरवलेली वस्तू सापडल्यासारखा.

मग खाली बसला.

"आरसा फुटला तेव्हा वाटलं होतं," तो हळू म्हणाला. "खांब आरशात आलाच नाही. मी आरशाला दोष दिला. नवा बसवून घेतला. नव्यातही अर्धवटच." त्याने फडका उचलला. "बसमध्ये मदतनीस मावशी असतात ना, त्यांना सांगितलंय, पोरं उतरली की मोठ्याने सांगा, 'चला'. त्या म्हणत नाहीत तोवर मी गिअर टाकत नाही."

"आणि त्या एक दिवस सुट्टीवर गेल्या तर?"

मी इथे शिव्या घालायला तयार होते, खरं सांगते. पण तो टायर पुसायचा फडका दोन्ही हातांनी पिळत होता, कोरडा फडका, आणि मी शिव्या गिळल्या. ज्या माणसाने आयुष्यभर एकच काम नीट केलं त्याला ते काम सोड म्हणणं सोपं नसतं. सोपं नव्हतं म्हणून न म्हणणं हा मात्र नालायकपणा झाला असता.

"बस सोडली की मी कोण ग?" त्याने विचारलं. वहिनीला विचारलं की मला, कळलं नाही.

वहिनीने त्याचा हात धरला. डावा. "आधी दवाखान्यात जाऊ. आजच. मग बघू कोण ते."

माचावरून पुकारा झाला, शेवटच्या रेसच्या गाड्या आणा. दादाने खिशातून फोन काढला.

"रेस झाल्यावर कर," वहिनी म्हणाली. "मन शांत असेल."

"नाही. आधी फोन. रेस आधी झाली तर फोन होणार नाही. मी ओळखतो मला."

बसच्या मालकाने उचलला. दादा उभा राहून बोलला, गणवेशात असल्यासारखा. "साहेब, उद्यापासून दुसरा माणूस बघा... नाही, कुठे नोकरी नाही मिळाली. पगाराचंही नाही." छपरावर पत्रा तापून कडकड वाजत होता. "मला डावीकडचं दिसत नाही. हो. बरेच दिवस. नवा माणूस मिळेपर्यंतही नाही, साहेब. एक दिवसही नाही."

फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा होता, पण खांदे खाली आले होते.

मी तोवर गाडीचं सगळं जुनं सेटिंग परत लावत होते. मागच्या डाव्या चाकावर भार परत, बॅटरी परत पुढे, चांगले टायर. उगाच औषध पाजलं होतं बिचारीला. ती कधी आजारी नव्हतीच.

आमच्याकडे रीत अशी की जो यादीत वर, तो माचावरची जागा आधी निवडतो. सगळ्यांना मधली जागा हवी असते, तिथून दोन्ही वळणं सारखी दिसतात. तळाच्या माणसाला उरतं ते डावं टोक, ट्रॅकच्या अगदी कडेला, माचाच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याजवळ. तिथून एक वळण नाकासमोर आणि दुसरं लांब. कुणी फुकटही घेत नाही. दादा तळाला होता.

तो टोकाला जाऊन उभा राहिला. डावा खांदा पत्र्याकडे. डावीकडे आता पत्र्याखेरीज काही नव्हतंच, न दिसण्यासारखं. जे वळण दिवसभर त्याच्या डाव्या हाताला हरवत होतं ते समोर आलं होतं, पाय पसरून बसलेल्या मांजरासारखं.

मी त्याच्या डाव्या बाजूला, पत्र्याच्या आणि त्याच्या मधल्या फटीत घुसले. तिथे मी त्याला दिसत नव्हते.

गाड्या सुटल्या. माती वाळून काच झाली होती. पहिल्या फेरीला उजव्या हाताला थोडी शेपूट सरकली, त्याने सावरली. पलीकडून गाडी आली. डाव्या हाताच्या वळणाला तिने भिंतीपासून जागा सोडली, नाक आत घेतलं आणि आमच्या पायांखालून धूळ उडवत निघून गेली.

बांबू जिंकला, अर्थात. दादा मधेच कुठेतरी होता, एक गाडी गाठत होता, एकाला वाट देत होता. पण हे नंतर कळलं. मधल्या एका फेरीला, नजर न हलवता, तो म्हणाला, "ठिणगे, आहेस ना?"

"आहे की."

"मग गप्प कशाला? तोंड चालू ठेव. कळतं मला, त्या बाजूला कुणी आहे ते."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला तोंड चालू ठेव म्हणालं होतं. मी ठेवलं.