पुढच्या एक्सलमधला आत्मा

आमच्या अंगणात गाडी नाचत होती आणि अख्खी गल्ली कुंपणाला लोंबकळून ती बघत होती.

नाचत होती म्हणजे अक्षरशः. आमचे अहो स्टिअरिंगवर बसून अलगद क्लच सोडत. गाडी हातभर पुढे सरके, पोटातून कण्हे, चाकं सिमेंटवर किंचाळत आणि मग टुणकन उडी! वळवायला जावं तर उडीवर उडी. पोरं टाळ्या पिटत होती, म्हातारे हात जोडत होते आणि मी गणिताच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होते.

"झपाटलीय," समोरचे तंबूवाले म्हणाले. समारंभांना तंबू भाड्याने देणारा हा भला माणूस. त्यांना गर्दीचा अंदाज अचूक येतो, बाकी कशाचाही येत नाही. "माझीही अशीच झाली होती. बाबांनी मुक्त केली. आता मठात असते."

"आणि तुम्ही?"

"मी पायी असतो," ते समाधानानं म्हणाले.

एवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि वंगणबाबा आले. सासूबाईंनीच निरोप धाडला होता. काळी कफनी, गळ्यात जुन्या बेअरिंगांची माळ, हातात पितळेची तेलाची झारी. ज्या गाडीतून उतरले ती तंबूवाल्यांचीच 'मुक्त' गाडी. तंबूवाल्यांनी स्वतःच्याच गाडीला वाकून नमस्कार केला.

बाबांनी आमच्या गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि दचकून मागे सरले.

"या वाहनाला परक्याचा अवयव लावलाय!"

गर्दीनं कानाला हात लावले. आता, आमची गाडी हिरवी आणि पुढचा एक्सल निळा. हे तर आमच्या मांजरालाही दिसलं असतं.

"वाहनाचा प्राण कुठे असतो?" बाबांनी आवाज चढवला. "इंजिनात? चूक! टाकीत? चूक! प्राण असतो चाकांना जोडणाऱ्या दांड्यात! मेलेल्या गाडीचा आत्मा या एक्सलमध्ये अडकलाय. त्याला पुढे जायचं नाही, मागे जायचंय! जिथून आला तिथे! इंजिन बंद करा. वाहनाला तीन पावलं मागे न्या. क्षमा मागू दे त्याला!"

आठ-दहा जणांनी लगबगीनं गाडी मागे ढकलली. बाबा अहोंच्या शेजारच्या सीटवर चढले, मांडीवर काळी शाल पसरली, झारीतून दोन थेंब शिंपडले, डोळे मिटले.

"घूर्णाय, चूर्णाय, वंगणाय नमः! चल बाळा, आता चालव."

आणि काय सांगू! गाडी लोण्यातून सुरी जावी तशी निघाली. ना कण्हणं, ना उडी. अंगणाला दोन फेऱ्या मारल्या आणि गल्लीनं असा काही जल्लोष केला की मांजर माडीवर पळालं. मीसुद्धा टाळी वाजवली. खोटं कशाला बोलू?

बाबांनी गिअरच्या दांड्याशेजारच्या छोट्या दांड्याला काळं फडकं गाठ मारून बांधलं. "आत्मा इथे निजलाय. हात लावाल तर जागा होईल. रविवारी वाहन मठात पाठवू, म्हणजे कायमची मुक्ती. आणि तू," त्यांनी अहोंकडे बोट रोखलं, "ज्या हातांनी मेलेल्याला उघडलंस, त्या हातांनी पुन्हा पाना धरू नकोस. धरलास तर घरातली एक बाई जाईल!"

घरात बायका दोनच. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे पाहिलं.

आता ही गाडी म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. आमचे अहो विमा कचेरीत काम करतात. सोमवार ते शुक्रवार त्यांच्या तोंडून "हो साहेब"पलीकडे शब्द निघत नाही. पण शनिवारी सकाळी गाडीखाली शिरले की तिथून शिट्टी ऐकू येते. बेसूर, पण पोटभर. माझ्या फ्रिजमध्ये दुधाशेजारी बेअरिंगं गारठत असतात (आकसली की जागेवर नीट बसतात म्हणे), भांडी घासायच्या टबात गिअर भिजत असतात. मी ओरडते, ते ऐकत नाहीत, असा आमचा सुखाचा संसार. गाडीचा जुना पुढचा एक्सल वाकला, म्हणून त्यांनी भंगारातून त्याच जातीच्या गाडीचा निळा एक्सल आणला, एकट्यानं बसवला आणि गाडी नाचायला लागली. बेअरिंगं तपासली, ब्रेक तपासले, सगळं उघडून पुन्हा लावलं. सगळं बरोबर, आणि गाडी नाचतेच.

"सगळं बरोबर असून असं होतं," बाबा येऊन गेले त्या रात्री ते जेवताना हळूच म्हणाले, "म्हणजे मग..."

पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. सकाळी पाने पुसून, पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. शनिवार उजाडायच्या आधीच त्यांची नखं पांढरीशुभ्र झाली. कचेरीतून यायचे आणि टीव्हीसमोर बसायचे, टीव्ही बंद असला तरी. गाडी गेली असती तर मी एक वेळ सोसलं असतं. पण शिट्टी वाजवणारा नवरा गेला आणि "हो साहेब"वाला तेवढा उरला, हे मला मुळीच सोसवेना. मला माझं माणूस परत हवं होतं, तेही गिअरच्या तेलासकट.

मुलांना मी शिकवते, की उत्तर सापडत नसेल तर एकच गोष्ट बदलून बघा. आत्मा हात लावला की जागा होतो? मग लावूनच बघू! शाळेतून आल्यावर मी किल्ली घेतली आणि गाडीत बसले.

"अगं, काय करतेस?" सासूबाई पदर सावरत धावत आल्या. "घरातली बाई जाईल!"

"कोणती ते बघूच. बसा शेजारी."

त्या बसल्या. भीतीपेक्षा उत्सुकता नेहमीच जड असते त्यांची. मी फडकं सोडलं, छोटा दांडा पुढे ढकलला आणि क्लच सोडला. गाडी कण्हली, किंचाळली आणि टुणकन उडी! सासूबाईंचा चष्मा नाकावरून हनुवटीवर आला.

"जागा झाला गं, जागा झाला! झोपव त्याला!"

मी दांडा मागे ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना.

"त्या बाबानं आधी गाडी तीन पावलं मागे नेली होती," सासूबाई म्हणाल्या. चष्मा हनुवटीवर असला तरी त्यांची नजर पक्की.

मी रिव्हर्स टाकून गाडी थोडी मागे घेतली, क्लच दाबून थांबले. सासूबाईंनी दांड्याला हात घातला.

खट्. अगदी अलगद आला मागे. आणि गाडी मुकाट चालू लागली.

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मग दांडा पुन्हा पुढे ढकलला, पुन्हा नाचलो, पुन्हा मागे आलो, पुन्हा खट्. मग पुन्हा. सासूबाई एवढ्या खिदळत होत्या की मला क्लच सावरेना.

"मेला!" एकदम त्यांचा चेहरा लाल झाला. "शालीखाली हेच केलं मेल्यानं! हा तर नुसता दांडा आहे! आणि याला बोलावून मीच माझ्या पोराचे पाने माळ्यावर टाकायला लावले!"

संध्याकाळी अहोंना गाडीपुढे उभं करून दाखवलं. ते टक लावून बघत राहिले.

"हा दांडा पुढे ढकलला की चारही चाकांना ताकद जाते," ते म्हणाले. "मागे ओढला की फक्त मागच्या दोन चाकांना. मला वाटलं दांडा नुसताच अडकलाय, नंतर बघू. पण चारही चाकांवर नाचायचं कारण काय?"

"मला काय विचारता? पुढची आणि मागची चाकं सारखीच फिरतात ना?"

"सारखीच. म्हणजे फिरायलाच हवीत. एक्सल त्याच जातीच्या गाडीचा..." ते बोलता बोलता थबकले. माझ्याकडे वळले. "अगं, तुझ्याकडे खडू आहे का?"

गणिताच्या बाईला विचारताय!

त्यांनी चाकांना विटा लावल्या, मागचं एक चाक जॅकवर उचललं, चाकावर आणि त्याला फिरवणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारली. मी चाक दहा वेळा फिरवलं, ते खाली झोपून शाफ्टचे फेरे मोजत राहिले. चोवीस आणि थोडे. मग पुढे तेच केलं. चोवीसला शाफ्ट थांबेना. पंचवीस. सव्वीस. सत्ताविसाला जवळजवळ टेकला.

 गाडीखालून हसणं सुरू झालं, आणि थांबेचना.

"अहो, काय झालं?"

"आत्मा-बित्मा काही नाही गं! गाढव आहे, आणि ते गाडीखाली झोपलंय! दोन्ही एक्सलमधल्या गिअरचे दातच वेगळे आहेत! आणि हे मी मोजलंच नाही!"

सासूबाई पोतं घेऊन माळ्यावरून उतरत होत्या. या वयात शिडी चढल्याबद्दल मी एरवी ओरडले असते, त्या दिवशी नाही ओरडले.

रविवारी गल्लीसोबत शेजारच्या दोन गल्ल्याही आल्या. बाबा शिष्यासह त्याच 'मुक्त' गाडीतून उतरले. "वाहन तयार आहे?"

"तयार आहे," मी म्हटलं. "पण आत्मा जागा झालाय."

अहोंनी अंगणात एक उडी मारून दाखवली. गर्दी मागे हटली. बाबा शाल सावरत पुढे सरसावले, पण शेजारच्या सीटवर सासूबाई आधीच बसल्या होत्या. मांडीवर आमच्या स्वयंपाकघरातला भांडी पुसायचा टॉवेल.

"तीन पावलं मागे!" त्यांनी फर्मान सोडलं. गाडी मागे आली. सासूबाईंनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात मंत्र सुरू केला, "बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!"

खट्. गाडी निमूट चालू लागली.

 मग तंबूवाले पुढे धावले आणि सासूबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मागोमाग रांगच लागली.

"आईंच्या अंगी शक्ती आहे!" बाबांनी चपळाईनं सूर पकडला. "मी तेव्हाच ओळखलं होतं! आई, मठात चला, आपण दोघं..."

"उठा रे, उठा!" सासूबाईंनी टॉवेल उचलून सगळ्यांना दांडा दाखवला. "नमस्कार कसला करता? दांडा ओढलाय मी! बे एके बेच्या जागी शिव्या दिल्या असत्या तरी सरकला असता!"

मग अहो बोलले. हा माणूस चारचौघांत बोलताना मी लग्नातसुद्धा ऐकला नव्हता. त्यांनी खडूच्या रेघा मारल्या, चाक उचललं आणि पोरांना मोजायला लावलं. तीन गल्ल्या एका सुरात मोजत होत्या. "बावीस! तेवीस! चोवीस!" पुढच्या शाफ्टला "पंचवीस!" झालं तेव्हा कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर जास्तच फिरतो!"

"शाळेतली तीन पायांची शर्यत आठवते?" अहो म्हणाले. "पाय बांधलेले, एक जण भरभर चालतो, एक हळू. मातीत पाय घसरतो, निभावून जातं. सिमेंटवर घसरायला जागाच नाही. ताण साचतो, साचतो आणि उडी. त्याच ताणात हा दांडा अडकतो. गाडी थोडी मागे घेतली की ताण सैल पडतो आणि दांडा सुटतो. दांडा सुटला की पाय सुटले. यात मेलेलं कुणी नाही. चूक होती, ती माझी होती. आता बरोबर दातांचे गिअर आणून मीच बसवणार."

"पाना धरलास तर घरातली बाई जाईल!" बाबा गरजले.

"जाते ना," सासूबाई म्हणाल्या. "चहा टाकायला आत जाते."

हशा उसळला. तंबूवाले मात्र हसत नव्हते. ते आपल्या जुन्या गाडीजवळ गेले, दार उघडलं, आतल्या छोट्या दांड्यावरचं काळं फडकं सोडलं आणि दांडा हलवून बघितला. मग बाबांसमोर तळहात पसरला.

"किल्ली," ते म्हणाले.

बाबांनी गर्दीकडे पाहिलं, गर्दीनं बाबांकडे. किल्ली तळहातावर आली. वंगणबाबा आणि शिष्य पायी गेले. माळेतली बेअरिंगं कोपऱ्यापर्यंत वाजत होती.

त्या दिवशी टाळी मीही वाजवली होती, म्हणून शहाणपण शिकवायचा तोरा मला नको. एवढंच सांगते. डोळ्यांपुढे अचंबा घडला तर जरूर तोंडाचा आ करा, त्यात मजा असते. पण आ मिटल्यावर विचारा, की शाल कशाला हवी होती? हात लावायला बंदी का? आणि जो तुमच्या हातातलं हत्यार खाली ठेवायला सांगतो, त्याला तुमची गाडी हवी आहे की तुमचं भलं? आणि एक खडू जवळ ठेवा. मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

आज शनिवार. फ्रिजमध्ये दुधाशेजारी पुन्हा बेअरिंग आहे, टबात नवे गिअर भिजतायत, त्यांचे दात मी स्वतः दोनदा मोजलेत. अंगणातून बेसूर शिट्टी येतेय. मी ओरडायला म्हणून दारापर्यंत गेले, आणि तिथेच उभी ऐकत राहिले.